नजरेची उडी

येरवड्याच्या तुरुंगात १९२२ ते १९२४ या काळात गांधीजींनी भरपूर वाचन केलं. भिंती उंच, पहारा कडक आणि एक कैदी सेकंदाला तीनेक उड्या मारतोय, याची नोंद मात्र कुठल्याही जेलरच्या वहीत झाली नसेल. उड्या नजरेच्या. वाचताना नजर ओळीवरून संथ घरंगळत जाते, असं आपल्याला वाटतं. खरं तर ती टेकते, क्षणभर विसावते आणि पुढच्या शब्दावर झेपावते. १८७९ च्या सुमारास पॅरिसचे नेत्रवैद्य एमिल जाव्हाल यांनी हे मांडलं. तोवर शतकानुशतकं पंडितांचे डोळे पोथ्यांवर अशाच उड्या मारत होते आणि पंडितांना त्याचा पत्ता नव्हता.

या उडीवरही पहारा आहे, हे त्याहून गमतीचं. कुठे बघायचं याचा बेत कपाळामागचा मेंदू आणि मध्यमेंदूतला सुपिरिअर कॉलिक्युलस आखतात. पण खाली, मेंदूच्या बुंध्यात, पॉन्समधल्या काही पेशी येरवड्याच्या दरवाजावरच्या शिपायासारख्या अखंड 'थांब' म्हणत उभ्या असतात. त्या गप्प झाल्या की शेजारच्या पेशी स्नायूंना हुकूम सोडतात आणि डोळा सुटतो, मोठ्या उडीत सेकंदाला ५०० अंशांहून अधिक वेगाने. निमिषभरात शिपाई पुन्हा जागेवर. तेवढ्यात मेंदू दृश्यावर पडदाही ओढून घेतो. नाहीतर दर उडीला सगळं जग फरपटत गेलेलं दिसलं असतं.

परवा मेट्रो बंडगार्डनहून नदी ओलांडून येरवड्याकडे निघाली. खिडकीशी आजी, समोर नातू. बाहेरचे खांब मागे जात होते. आजीची बुबुळं एकेका खांबाला थोडं पोचवून चटकन परत येत होती.

"आजी, तुझे डोळे नाचतायत गं!"

"माझे कशाला नाचतील? खांबच पळतायत मेले."

आजीचं काय चुकलं? आरशात डाव्या डोळ्याकडून उजव्याकडे कितीही चपळाईने बघा, बुबुळ हललेलं दिसत नाही. आपल्या डोळ्यांची चंचलता पाहायला दुसऱ्याचेच डोळे लागतात, आणि तेही टक लावून बघताना आपल्यापरीने थरथरतच असतात. नातवाने इतक्या जवळून, इतक्या कौतुकाने आपल्याकडे पाहावं म्हणून आजीने एवढा चंचलपणा पदरी बाळगायला काहीच हरकत नाही.