पायताण आणि वीस लाख ठिपके

चोराला दोन पाय आहेत, एवढं कॅमेऱ्यात दिसलं. त्या पायांत माझंच पायताण आहे का, हे मात्र काही केल्या दिसेना.

प्रकरण असं. श्रावणात घरी सत्यनारायण घातला होता. बाहेर पाऊस, दारात चपलांचा ढीग, आणि ढिगाच्या अगदी वर माझं नवं कोल्हापुरी पायताण. लाल गोंड्याचं, करकर वाजणारं. आमच्याकडं असल्या पायताणाचा आवाज आधी येतो आणि माणूस मागनं. कातड्याची वस्तू पावसात बाहेर ठेवू नये, असं आई तीनदा बजावून गेली होती. पण घरात ठेवली तर पाव्हण्यांना दिसणार कशी? रात्री पांगापांग झाल्यावर बघतो तर पायताण गायब, आणि त्या जागी निळ्या पट्ट्याची रबरी स्लीपर.

"चोर गुणाचा हाय," आई म्हणाली. "जागा मोकळी न्हाई सोडली."

मला काळजी नव्हती. दारावर कॅमेरा होता. मोठ्या ऐटीत टीव्ही लावला, नऊ वाजून चाळीस मिनिटांवर आलो, आणि पडद्यावर जे दिसलं त्याला चित्र म्हणणं धाडसाचं ठरलं असतं. पांढऱ्या रश्श्यात कुणीतरी करडा रंग ओतावा तसा एक आकार आला, वाकला, उठला आणि पांढऱ्या रश्श्यातच विरघळला.

मी ती क्लिप शेजाऱ्यांना दाखवली. ही चूक झाली. चित्र जितकं धूसर, तितकी ओळख पक्की, हा आमच्या पेठेचा नियम आहे. एकजण म्हणाला, "खांदं बघा, तालमीतला गडी हाय." दुसरा म्हणाला, "ह्यो तर दूधवाला." समोरच्या काकूंनी चष्मा पुसून नीट बघितलं आणि निकाल दिला, "बाळासाहेब, ह्ये तुम्हीच हाय." पाऊण तासात सात संशयित झाले, त्यांतला एक वारलेला होता. दाजींनाही क्लिप पाठवली. त्यांचं उत्तर लगेच आलं, "काय दिसत न्हाई. कॅमेरा बदला."

लाज वाटण्याचं खरं कारण वेगळंच होतं. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहतो. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्मृतिस्तंभ आहे, त्याच्या खालून रोज भाजी आणायला जातो. १९१८ साली याच गावात बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. त्यावर 'सैरंध्री' काढला. तो १९२० मध्ये पुण्यात लागला आणि टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब उतरला होता, की त्या प्रसंगाला कात्री लागली. हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यात हे जमलं. माझ्या कॅमेऱ्यात तोच प्रसंग टिपला असता तर कीचक कोण, भीम कोण, हे कळायला पंच नेमावे लागले असते. कात्री लावायची गरजच पडली नसती.

ज्यानं कॅमेरा बसवला होता त्याला बोलावलं. त्यानं खालूनच मान वर केली, "च्" असा आवाज काढला आणि आठ मेगापिक्सेलचा नवा कॅमेरा घ्यायला सांगितलं. शिडी मागवलीसुद्धा नाही.

शिडी चढला तो माझा भाचा. ताईचा मुलगा, शिकायला आमच्याकडं राहतो. वर गेल्यावर त्याचं पहिलं वाक्य आलं, "मामा, ह्याचा कागद काढलाच न्हाई की!"

कॅमेऱ्याच्या घुमटावर कारखान्यातून येताना असतो तो प्लॅस्टिकचा पातळ कागद दोन वर्षं तसाच होता. बसवणारा काढत होता तेव्हा आईनंच अडवलं होतं, धूळ बसेल म्हणून. आमच्या घरात रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीतून दाबतात, त्या न्यायानं हे बरोबरच होतं. रात्री मात्र कॅमेऱ्याच्या आतले बारके दिवे लागले, की त्यांचा उजेड त्याच कागदावर आपटून कॅमेऱ्याच्याच डोळ्यात जायचा. पांढऱ्या रश्श्याची पाककृती ती हीच.

कागदावर कोळ्याचं जाळं होतं. तेही उगीच नव्हतं. दाराशी चिलटं येतात. चिलटांच्या ओढीनं कोळी येतो आणि घर बांधतो. त्याचा एकेक धागा रात्री दोरखंडाएवढा जाड आणि चुन्यासारखा पांढरा दिसतो. भाच्यानं मऊ फडक्यानं सगळं पुसलं. कोळ्याला उचलून शेजारच्या पत्र्यावर सोडलं.

मग तो डीव्हीआरसमोर बसला आणि डोक्याला हात लावला. "मामा, कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा. म्हंजे २० लाख ठिपकं टिपतोय. आणि ह्या डब्यात साठवायला लावलंय किती? आडवं ३५२, उभं २८८. गुणा."

मी मोबाइलवर गुणलं. जेमतेम एक लाख.

म्हणजे कॅमेरा बिचारा वीस आणे काम करत होता आणि डबा एक आणा जमा धरत होता! कारण विचारलं तर सोपं निघालं. ठिपके कमी ठेवले की हार्ड डिस्क लवकर भरत नाही, 'महिनाभराचं रेकॉर्डिंग' असं गिऱ्हाइकाला छातीठोक सांगता येतं. महिनाभर काहीच न दिसण्याची सोय मी पैसे मोजून करून घेतली होती. भाच्यानं आकडा वाढवला. रेकॉर्डिंग नऊ दिवसांवर आलं, पण त्या नऊ दिवसांत माणसांना नाकं आली.

"आता ती जुनी क्लिप साफ कर," मी म्हणालो. "सिनेमात पोलीस करतात तशी."

"मामा, जे टिपलंच न्हाई ते आणायचं कुठनं? मोठं केलं तर डागच मोठा हुतोय."

तेव्हा चोर सुटला तो सुटलाच. पण पुढच्याची तयारी करायची आम्ही ठरवलं. आमचं दार पश्चिमेला. अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं आत येतात, पहिल्या दिवशी पायांशी, मग वर वर चढत मुखापर्यंत. हा किरणोत्सव सगळं गाव श्वास रोखून बघतं, आणि वाटेत एखाद्या इमारतीचा कोपरा आडवा आला तर चर्चा महिनाभर चालते. आमच्या कॅमेऱ्याचा किरणोत्सव रोज संध्याकाळी होता. मावळता सूर्य थेट डोळ्यात, आणि दारात येणारा प्रत्येक माणूस काळ्या पुठ्ठ्यातून कापल्यासारखा. शिवाय कॅमेरा इतका उंच, की दिसायच्या त्या टोप्या आणि टकलं. आम्ही तो बाजूच्या भिंतीवर घेतला, हातभर खाली आणला. सूर्य कडेला गेला, तोंडं समोर आली.

राहिली रात्र. अंधारात कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. तेवढ्यात माणूस पाऊल पुढं टाकतो आणि चित्रात त्याचा नुसता लेप फासला जातो. बाबूरावांनी १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीसाठी विजेचा उजेड वापरला होता. मी नऊ वॅटचा दिवा दारात लावला. परंपरा म्हणून काही असते.

चित्र असं लख्ख झालं की आई मालिका सोडून आमचं दार बघायला लागली. कोण किती वाजता दूध न्यायला गेलं, कुणाच्या पिशवीत मेथी, कुणाच्या पिशवीत मटण, सगळं तिला कळू लागलं. काकू दारातनं जाताना पदर सारखा करू लागल्या. मी आपला निळी स्लीपर घालून चोराची वाट बघत होतो.

भाऊबीजेला ताई आणि दाजी यायचे होते. आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो होतो. कॅमेऱ्याला आवाज ऐकू येत नाही, पण आम्हाला येतो. बोळाच्या तोंडाकडनं तो आला.

कर्र. कर्र. कर्र.

मग पडद्यावर दाजी आले. काय ते चित्र! मिशीचा एकेक केस मोजून घ्यावा. मनगटावरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं. लाल गोंडा. डाव्या अंगठ्यापाशी शिवणीचा एक टाका तिरका गेला होता, तोसुद्धा दिसला. तो टाका मी चांभाराला दाखवून दहा रुपये कमी करून घेतले होते.

दाजी थबकले. मान वर करून नव्या जागेवरच्या कॅमेऱ्याकडं बघितलं. मिशीवरनं हात फिरवला. मग पायताण काढलं आणि बरोबर त्या निळ्या स्लीपरशेजारी ठेवलं. दोन्ही जोड शेजारी शेजारी, वीस लाख ठिपक्यांत.

भाचा माझ्याकडं बघेना. मी त्याच्याकडं बघेना.

"तुझ्या पायताणागत वाजलं की रं," आई म्हणाली. चष्मा शोधू लागली. "बघ जरा कॅमेऱ्यात, पायात काय हाय जावयाच्या?"

भाचा उठून टीव्हीच्या पुढ्यात उभा राहिला आणि त्यानं पिशवीतल्या रिमोटचं बटण दाबलं.

"काय दिसंना, आजी," तो म्हणाला. "परत जाळं धरलंय."