मनोरंजनाची मोजणी

सरकारी चाकरीतून निवृत्त झालेल्या मनुष्यास पेन्शन किती आणि वेळ जातो कसा, असे दोनच प्रश्न समाज विचारीत असतो, परंतु मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून शिरून निमतानदार म्हणून बाहेर पडलेला आणि खोपोलीस घर करून राहिलेला माझ्यासारखा इसम एप्रिल २०१३ पासून एका तिसऱ्याच प्रश्नाचा धनी झाला आहे, आणि तो प्रश्न म्हणजे, "नाना, इमॅजिकात आधी काय बघायचं?" खोपोली-पाली रस्त्यावर ते उद्यान उघडेपर्यंत, अलीकडे महडचा वरदविनायक आणि पुढे पालीचा बल्लाळेश्वर असे अष्टविनायकांपैकी दोघे वर्षानुवर्षे तिष्ठत असूनही ज्यांना आमच्या घराचा पत्ता कधी आठवला नव्हता, त्या बार्शीच्या साडूंपासून मिरजेच्या अक्कापर्यंत यच्चयावत आप्तवर्गाला भक्तीचा आणि माझ्याविषयीच्या प्रेमाचा एकाच वेळी उमाळा आला. सकाळी महड, दिवसभर उद्यान, रात्री आमच्याकडे पिठलं-भात आणि दुसऱ्या दिवशी पाली, असा एक नवाच यात्राक्रम रूढ झाला. आणि त्या यात्रेच्या क्षेत्रोपाध्यायाचा मान कोणत्याही लेखी हुकमावाचून, केवळ अंगच्या लायकीमुळे माझ्याकडे चालत आला, असे माझे प्रामाणिक मत आहे.

माझ्या पत्नीचे मत निराळे आहे. ती म्हणते, "अहो, त्यांनी फक्त रस्ता विचारला होता."

रस्ता! ज्याने उन्हातान्हात शिवारेच्या शिवारे साखळीने मोजली, भावाभावांच्या बांधावर उभे राहून दोघांच्याही शिव्या समदृष्टीने ऐकल्या, त्याला रस्ता विचारावा आणि त्याने तो चार शब्दांत सांगून स्वस्थ बसावे, हे खात्याच्या परंपरेस धरून नाही. मी प्रत्येक पाहुण्यासाठी फुलस्केप कागदावर एक तक्ता तयार करतो. अनुक्रमांक, ठिकाण, पोहोचण्याची वेळ, निघण्याची वेळ आणि शेरा असे त्यात पाच रकाने असतात. तळाशी माझी सही असते आणि सहीखाली, निवृत्तीनंतर लिहू नये असा संकेत ठाऊक असूनही, हुद्दा असतो. साडूंनी एकदा त्या कागदात वेलदोडे बांधून नेले. ती गोष्ट मी मनास लावून घेतलेली नाही. कागद चांगल्या प्रतीचा होता, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

वास्तविक 'शेरा' या एका रकान्यासाठी मला एखादी सनद मिळावयास हवी होती. द्वार उघडताच लोंढा जे प्रथम दृष्टीस पडेल त्याच्यापुढे खिळून उभा राहतो, सबब शहाण्याने डावी-उजवीकडे न पाहता थेट दूरच्या टोकास जावे आणि तेथून उलट पावली पाहत यावे. 'नायट्रो' नावाची जी आगगाडी पायांखाली तळ न ठेवता मनुष्यास वारंवार उलटा टांगते, तिच्यात जेवणापूर्वी बसावे. जेवणानंतर बसल्यास परिणाम स्वतःपुरता मर्यादित राहत नाही. भोजन साडेअकराला अथवा अडीचला उरकावे, कारण एक वाजता जेवण्याची उत्तम सवय दुर्दैवाने सर्वांनाच असते. सलीमगढ, अलिबाबा आदी छपराखालचे प्रकार भर दुपारी, उघड्यावरचे सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर. राजासॉरसच्या जलप्रवासात भिजावयास होते, तेव्हा कोरड्या कपड्यांचा जोड जवळ असावा. (हा राजासॉरस नावाचा डायनासोर कोणा कारागिराच्या डोक्यातून निघालेला नसून त्याची खरी हाडे गुजरातेत सापडली आणि २००३ साली त्याचे शास्त्रीय नामकरण झाले, ही माहितीही मी शेऱ्यात देतो. ती अद्याप कोणी वाचलेली नाही.)

पोरांच्या उंचीचे प्रकरण मात्र मी स्वतः हाताळतो. प्रत्येक भयंकर पाळण्याच्या दाराशी एक उंचीची खूण असते आणि तिच्यापेक्षा डोके खाली राहिले तर पंतप्रधानांच्या नातवालाही आत प्रवेश नाही, इतकी ती निःपक्षपाती असते. अक्काच्या नातवाला मी आदल्या रात्रीच स्वयंपाकघराच्या चौकटीस पाठ लावून उभा केला. त्याने टाचा उचलल्या. मी त्या खाली दाबल्या. त्याने मान ताणली; मी डोक्यावर कंपासपेटीतील गुण्या काटकोनात टेकविला आणि पेन्सिलीने रेघ मारली. रेघ कमी पडत होती. तो रडला, आजीच्या पदरात शिरून पोटभर रडला, आणि दुसऱ्या दिवशी त्या दारावरून इतक्या उदासीन मुद्रेने चालत गेला, की जणू त्यानेच त्या गाडीस नकार दिला होता. रडावयाचे ते घरी रडून घ्यावे, तिकीट काढून रडू नये, हा माझ्या तक्त्यातील एकच नियम पत्नीला मान्य आहे.

आता नकाशाविषयी. ज्यांना घाई असेल त्यांनी पुढील मजकूर गाळावा; मला नाही.

नकाशा म्हटला की त्याला उत्तर दिशा हवी आणि परिमाण हवे. ३३ फुटांची शंकुसाखळी, तिचे १६ आणे, साखळी लांब आणि साखळी रुंद तो गुंठा, आणि अशा ४० गुंठ्यांचा एकर, या हिशेबात ज्याची हयात गेली त्याच्या हातात एखाद्या करमणुकीच्या उद्यानाचा रंगीत कागद पडला, मग ते उद्यान पृथ्वीच्या पाठीवर कोठलेही असो, म्हणजे त्याच्या जिवाची जी तगमग होते ती इतरांस कळावयाची नाही. त्यात उत्तर नसते. परिमाण तर नसतेच नसते. खाद्यगृह किल्ल्याएवढे काढलेले असते आणि दोन स्थळांमधले, पायांना फोड आणणारे अंतर बोटाच्या पेरात मावलेले असते. चतुःसीमा विचाराल तर पूर्वेस एक हसणारा हत्ती आणि पश्चिमेस दुसरा. असा नकाशा माझ्या हाताखालच्या भूकरमापकाने सादर केला असता, तर मी त्याची वेतनवाढ रोखण्याची शिफारस केली असती.

या अनाचाराचे मूळ शोधता शोधता मी कॅलिफोर्नियापर्यंत जाऊन पोहोचलो, अर्थात पुस्तकांतून. सप्टेंबर १९५३ मधल्या एका शनिवार-रविवारी वॉल्ट डिस्ने यांनी हर्ब रायमन या चित्रकारास जवळ बसवून घेऊन, अजून जे उद्यान कोठेच नव्हते त्याचे आकाशातून दिसणारे चित्र काढवून घेतले, आणि ते चित्र घेऊन त्यांचे बंधू रॉय भांडवल उभे करण्यासाठी न्यूयॉर्कला गेले. म्हणजे पाहा, आमच्या खात्यात आधी जमीन, मग नकाशा, आणि दोहोंत तफावत निघाली की कोर्ट. तेथे आधी नकाशा, मग पैसा, आणि सर्वांत शेवटी जमीन! अनाहाइम गावच्या नारिंगीच्या बागा तोडून सुमारे १६० एकर, म्हणजे ६,४०० गुंठे, क्षेत्र मोकळे करण्यात आले आणि चित्राबरहुकूम पृथ्वी घडविण्यात आली. १७ जुलै १९५५ रोजी उद्‌घाटनाच्या दिवशी खोट्या प्रवेशिका घेऊन हजारोंनी लोक आत घुसले, आणि उन्हाने ताजे डांबर इतके मऊ झाले की बायकांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतून बसल्या. हे वाचून माझ्यातील निमतानदारास किंचित समाधान वाटले, हे मी लपवीत नाही.

परंतु त्याच डिस्ने नावाच्या मनुष्याने एक गोष्ट अशी केली की तिच्यापुढे मी टोपी काढतो. दारातून आत येणाऱ्यास समोर एकच सरळ रस्ता, रस्त्याच्या शेवटी एक वर्तुळाकार चौक, चौकातून निरनिराळ्या प्रदेशांना फुटणाऱ्या वाटा, आणि या सर्वांच्या पाठीमागे दुरूनही दिसेल असा राजवाडा. मनुष्याच्या डोळ्यांना काहीतरी उंच दिसले की पाय आपोआप तिकडे वळतात, हे त्याने ओळखले होते. नकाशा खिशात राहिला तरी चालतो. आम्ही जन्मभर दगड रोवले ते मनुष्याने पलीकडे जाऊ नये म्हणून. त्याने राजवाडा बांधला तो मनुष्याने इकडे यावे म्हणून. दोन्ही कामे मोजणीचीच. पण आम्हाला पाहून कोणी टाळ्या वाजविल्याचे स्मरत नाही.

डिस्नेच्या उद्यानांच्या चाकरवर्गात एक प्रश्न फार प्रसिद्ध आहे, तो असा की, तीनची मिरवणूक किती वाजता निघते? अमेरिकेत या प्रश्नाला हसतात, आणि मग नव्या नोकरांना समजावून सांगतात की विचारणाऱ्यास मिरवणूक आपल्यापाशी केव्हा येईल, हे जाणून घ्यावयाचे असते. आपल्याकडे हे समजावण्याची आवश्यकता नाही. ज्या मनुष्याने खोपोलीच्या थांब्यावर उभे राहून "पाचची एस.टी. किती वाजता येते?" असे विचारलेले नाही, तो महाराष्ट्रात राहिलेलाच नाही.

माझा तक्ता हाती घेऊन मी पाहुण्यांबरोबर आत शिरतो तेव्हा एखाद्या प्रांतसाहेबाच्या स्वारीचे तेज माझ्या मुखावर असते, आणि ते सामान्यतः पहिल्या वळणापर्यंत टिकते. तेथे साडूंना आइस्क्रीम दिसते, मेहुणीला तोंडावर रंग काढून घ्यावासा वाटतो, आणि भाच्याच्या हातातील मोबाइल त्याला सांगतो की कोणत्या पाळण्यास या क्षणी किती मिनिटांची रांग आहे. "नानामामा, तुमच्या कागदावर हे नाही ना कळत?" तो अत्यंत सौजन्याने विचारतो. माझ्या कागदावर बरेच काही कळत असते. परंतु ते आदल्या रात्रीचे असते.

रांगेबद्दल मी न बोललेलेच बरे. डिस्ने कंपनीने १९९९ साली विनामूल्य चिठ्ठी देऊन लोकांना वेळ नेमून देण्याची युक्ती काढली, आणि २०२१ साली तिच्या जागी पैसे मोजून पुढे जाण्याची सोय आली. जगभरच्या उद्यानांत हल्ली अशी जादा दामाची दारे असतात. तासभर उन्हात उभ्या राहिलेल्या लेकरांच्या डोळ्यांसमोरून दुसरी लेकरे हसत पुढे जातात आणि उन्हातले पोर बापाकडे पाहते. बाप त्या वेळी हटकून आभाळ न्याहाळीत असतो. या विषयावर मी एक जळजळीत भाषण योजून ठेवले होते. पण भाच्याने मध्येच विचारले, "मामा, तुमच्या खात्यात साधी मोजणी, तातडीची मोजणी आणि अतितातडीची मोजणी अशा वेगवेगळ्या फिया होत्या ना?" होत्या. भाषण मी परत खिशात ठेवले.

आणि आता अक्का.

अक्का माझ्याहून वडील, मिरजेची, गुडघ्यांनी अधू. आत शिरल्यावर अर्ध्या घटकेत ती म्हणते, "अरे नाना, मी काय त्या पाळण्यात बसू? तुम्ही जा. मी पिशव्या बघते." हे वाक्य ती लग्न झाल्यापासून म्हणत आली आहे, जत्रेत म्हणाली, स्टेशनावर म्हणाली, देवळाबाहेर चपलांपाशी म्हणाली, मुलांच्या स्नेहसंमेलनात म्हणाली. एका झाडाखालचे बाकडे ती धरते, आणि मग एकेक जण येऊन न विचारता तिच्या मांडीशी काहीतरी ठेवून जातो: ओले टॉवेल, चष्मे, अर्धी बाटली, एक फुगा. तिचे तिकीट पूर्ण काढलेले असते. संध्याकाळी परत यावे तो अक्काला सारे उद्यान ठाऊक झालेले असते. कोणते स्वच्छतागृह धुतलेले आहे, थंड पाणी कोठे मिळते, सावली कोणत्या प्रहरी कोठे सरकते, चुकलेले पोर कोणाच्या हवाली करावे, हे ती अनोळखी माणसांना सांगत असते, आणि माणसे तिच्यापुढे उभी राहून ऐकत असतात. तिच्याजवळ कागद नसतो. मला याचा हेवा वाटतो हे खरे. पण त्याहून अधिक राग येतो, आणि तो आम्हा बाकी सर्वांचा येतो. कुटुंबातील एक मनुष्य दिवसभर सामान म्हणून वापरण्याचा हक्क आपणांस कोणत्या दफ्तरातील कोणत्या फेरफाराने प्राप्त झाला?

वॉल्ट डिस्ने सांगत असत की लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या दोघी मुली मेरी-गो-राउंडवर फिरत असता आपण बाकड्यावर शेंगदाणे खात बसत असू, आणि आईबापांना मुलांबरोबर मौज करता येईल अशी एखादी जागा असावी, हा विचार तेथे सुचला. तेथले एक बाकडे डिस्नेलँडमध्ये जपून ठेवलेले आहे. म्हणजे हा सारा खटाटोप मुळी बाकड्यावर बसलेल्या मनुष्याला उठविण्यासाठी होता! तो उठला, त्याने उद्यान बांधले, आणि आम्ही त्यात पहिले काम कोणते केले असेल तर अक्काला बसविण्याचे.

सबब यंदाच्या तक्त्यात मी एक सहावा रकाना घातला आहे: 'बाकड्यावर कोण'. दर तासास मनुष्य बदलेल. ज्याची पाळी असेल त्याने पिशव्या सांभाळाव्या, आणि अक्काला हाताला धरून जेथे गुडघ्यांना त्रास नाही अशा छपराखालच्या खेळांस कोणीतरी न्यावे. ती नको म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नये. ज्यांस ही अट मान्य नसेल त्यांनी महडचे दर्शन घ्यावे, पालीस जावे, आणि खोपोलीत गाडी थांबवू नये. मान्य असेल त्यांनी आठ दिवस आगाऊ कळवावे. पिठलं-भात आहेच. पहिली पाळी बार्शीच्या साडूंची लागली आहे.