कदंबाचं दीड तिकीट

अमेरिकेत अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2024 मध्ये प्रयोगशाळेत गोठवलेल्या भ्रूणांनाही ‘मुलं’ ठरवलं. हे वारं इकडे गोव्यात आलंच, तर पेडणे-म्हापसा कदंबा बसच्या कंडक्टरनं गरोदर बाईचं दीड तिकीट फाडावं. डिचोलीच्या रेशन दुकानदारानं तिसऱ्या महिन्यापासूनच जादा तांदूळ मोजावेत. व्यक्ती म्हटली की खर्चही आला!

तो कुणालाच नको. गर्भ ‘व्यक्ती’ होतो तो बाई ‘नको’ म्हणाली की. ऑक्टोबर 2023 मध्ये बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराशी झगडणाऱ्या, दोन मुलांच्या आईला भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं सव्वीस आठवडे उलटल्यावर गर्भपात नाकारला. सुनावणीत न जन्मलेल्याच्या हक्कांचीही चर्चा झाली.

गंमत म्हणजे गोव्याला कौटुंबिक कायदा देणारी 1867 ची पोर्तुगीज संहिता सांगते, गर्भाला संरक्षण आहे, पण कायद्यानं माणूस ठरतो तो जन्मल्यावर. राजाच्या अमलातल्या साहेबांना एवढं कळत होतं.

आता बाईच्या आरोग्याचं बघा: पेडणे तालुक्यातल्या तुयेचं इस्पितळ बांधून झालं, तरी वर्षानुवर्षं सुरू होईना. पेडण्याच्या बायकांना म्हापशाचं नाहीतर बांबोळीचं इस्पितळ गाठावं लागायचं. न जन्मलेल्यांचे वकील तुयेच्या इस्पितळाचंही वकीलपत्र कधी घेतलं काय?