खलनायकाविना पूर

मायकेल क्रायटन यांच्या ‘स्टेट ऑफ फिअर’ (२००४) या कादंबरीतले पर्यावरणवादी अतिरेकी भलतेच कष्टाळू. हवामानबदलाचा गाजावाजा पुरेसा होत नाही म्हणून ते विजा पाडतात, त्सुनामी घडवायला निघतात आणि फावल्या वेळात विषारी ऑक्टोपस डसवून माणसे मारतात. जरा उत्कंठा वाढली की एखादे पात्र आलेख दाखवते आणि पानाखाली तळटीप उगवते. शेवटी परिशिष्टे, ग्रंथसूची; फक्त तोंडी परीक्षा तेवढी बाकी! तीही झाली. २००५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या पर्यावरण समितीने लेखकाला साक्षीला बोलावले. २००६ मध्ये अमेरिकेतल्या पेट्रोलियम भूवैज्ञानिकांच्या संघटनेने पुरस्कार दिला, तोही पत्रकारितेचा!

प्रत्यक्षात मात्र न्यू जर्सीतल्या वुडब्रिज टाउनशिपमध्ये २०१२ साली सँडी वादळ कोणत्याही अतिरेक्याची मदत न घेता आले. वाढलेल्या समुद्रपातळीने हातभार लावला, पण तिचे नाव आरोपपत्रात नाही. पुढे न्यू जर्सी सरकारने ‘ब्लू एकर्स’ योजनेतून टाउनशिपमधली पूरप्रवण घरे विकत घेऊन पाडली. ना रॉकेट, ना ऑक्टोपस, ना शेवटच्या पानावर पकडला जाणारा सूत्रधार. असल्या कथानकाला प्रकाशक मिळणे कठीण. परवडणारा विमा मिळणे त्याहून कठीण.