रंगीत मस्टर

पोस्टातून फोन आला, "तुमचं पार्सल ओरडतंय, लवकर घेऊन जा." अमेरिकेत एक दिवसाची पिल्लं पोस्टाने येतात. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस काढतं. माझ्या खोक्यात सहा होती. कॅटलॉगातल्या टोपलीत निळी, हिरवी, चॉकलेटी अंडी दिसली आणि मी भाळले. साडी घेतानाही मी इतक्या लवकर विरघळत नाही.

त्याच वसंतात अप्पा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे नॉर्थ कॅरोलिनात आले. एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांना रिकामं बसवणं घराला परवडणारं नव्हतं. खुराडं त्यांच्या ताब्यात दिलं.

जुलैत, निळ्या अंड्यांची म्हणून आलेल्या दोघींपैकी एक तलंग पहाटे आरवली. माद्या म्हणून निवडून पाठवलेल्या पिल्लांतही एखादा नर निघतोच. आमच्या वस्तीत कोंबड्या चालतात, कोंबडा चालत नाही. अप्पा म्हणाले, "झाकून ठेवू." गॅरेजमध्ये खोकं, खोक्यावर सतरंजी. पहाटे साडेचारला अख्खी गल्ली जागी.

"अप्पा, आपल्याकडे यावर म्हण आहे ना?"

"आहे की. पण ती डालग्याची. गॅरेजच्या भिंती जाड असतील असं वाटलं मला."

रविवारी त्याला दूरच्या एका शेतावर पोचवलं. अप्पांच्या भाषेत, त्याची बदली झाली.

ऑगस्टअखेर पहिलं निळं अंडं आलं. अप्पांनी ते उजेडात धरलं, हुंगलं आणि सरळ सिंक गाठलं. आठवडी बाजारात 'गावरान' म्हणून घेतलेल्या अंड्यांचा चहाचा रंग उकळताना पातेल्यात उतरला होता, तो अनुभव गाठीशी. आधी घासणी, मग मीठ, मग व्हिनेगर. निळं ते निळंच. शेवटी फोडलं, तर कवच आतूनही निळं! चॉकलेटी अंडं आतून पांढरं असतं; तपकिरी रंग शेवटी शेवटी वरून बसतो. निळ्यावर तो चढला की अंडं हिरवं. मी त्यांना सांगितलं, की चिलीच्या कोंबड्यांच्या जनुकांत कधीकाळी एका विषाणूचा तुकडा घुसला, म्हणून बिलिव्हर्डिन नावाचं रंगद्रव्य कवचात मुरतं. गुडघा आपटल्यावर काळानिळा डाग पुढे हिरवा पडतो, तोही त्याच्यामुळेच.

"म्हणजे मुका मार," अप्पा म्हणाले आणि त्याचंच ऑम्लेट खाल्लं.

खरा आनंद त्यांना पुढच्या आठवड्यात झाला. कोंबडी जन्मभर एकाच रंगाचं अंडं घालते. छटा उतरते-चढते, रंग तोच. आमच्या पाचजणींचे पाच रंग: निळा, हिरवा, चॉकलेटी, मलई आणि साधा तपकिरी. गावाकडे दहाजणींत एखादी कामचुकार खपून जाते. इथे प्रत्येकीची सही अंड्यावरच! अप्पांनी इंडियन स्टोअरच्या कॅलेंडरवर मस्टर सुरू केलं.

मस्टरमुळे घरातली शांतता गेली. अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडे जास्त लागतात, त्यातले वीसेक नुसत्या कवचाला. त्यामुळे कोंबडी रोज थोडी उशिरा बसते आणि शेवटी एक दिवस चुकतो. हा निसर्गनियम अप्पांना अमान्य. लेट मार्क, लेट मार्क, खाडा. चॉकलेटीवाली दिसायला रुबाबदार, पण आठवड्यात तीन खाडे. निळी सप्टेंबरात खुडूक बसली. तिच्यापुढे 'बिनपगारी' असं लिहिलं गेलं. तपकिरीवालीकडे मी कॅटलॉगात ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिचा एकही खाडा नाही.

ऑक्टोबरात अप्पा परत गेले. मग दिवस लहान झाले, अंडी थांबली. हिवाळ्यात कोंबडीचं तसंच असतं. पण रोज व्हिडिओ कॉलवर हजेरी व्हायचीच.

"निळी?"

"खाडा."

"चॉकलेटी?"

"खाडा, अप्पा."

"तपकिरी?"

"ती पण."

ते जरा गप्प झाले. माझ्यामागे फ्रिज उघडाच राहिला होता. अप्पांनी चष्मा सारखा केला.

"ती डझनभर पांढरी कुणाची गं?"

"दुकानातली आहेत."

"रोजंदारीवरची," ते म्हणाले, "मस्टरला लावू नकोस."