कुऱ्हाड कशी पारखावी? (फ्लॅटधारकांसाठी)

हाताने घडवलेली कुऱ्हाड घेण्याची पहिली अट अशी की, तोडायला काहीही नसावे. ज्याला सरपण फोडायचे असते तो आठवडी बाजारात कुऱ्हाड उचलतो, पैसे टाकतो आणि चालू लागतो. शहरात तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे स्वतःच्या अंगणातले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणजे आपल्याला पारखायला वेळच वेळ.

पोलाद : घिसाड्याच्या पालापुढे उकिडवे बसावे (जमेल तसे) आणि जाणकार चेहऱ्याने विचारावे, "पाटा कशाचा?" ट्रकच्या कमानीचा पाटा उत्तम. त्यात अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो, म्हणून तो पाणी धरतो. साध्या लोखंडी पट्टीला कितीही पाणी पाजा, मऊ ती मऊच. पण पाटा 'ट्रकचा' नाही असे आजवर कोणी सांगितलेले नाही. तेव्हा खिशात कानस असावी. ती धारेवरून घसरली तर धार कडक. माथा मात्र मऊच हवा, नाहीतर घाव बसताच तडकेल. म्हणून तर कारागीर धारेपुरतेच पाते बुडवतो.

आवाज : पाते दोरीला टांगून हलकेच ठोकावे. खणखणले तर ठीक. बद्द वाजले तर पाणी देताना कुठेतरी केसाएवढी चीर गेली असण्याचा संभव आहे. या वेळी डोळे मिटावेत; बघ्यांवर छाप पडते.

नेढे : पट्टी वाकवून नेढे केले असेल तर सांधा एकजीव झाला आहे ना, हे नखाने चाचपावे. दांडा बसवून टोकाकडून एक डोळा मिटून पाहावे. धार आणि दांडा एका रेषेत नसतील तर घाव लाकडाऐवजी नडगीचा विचार करू लागतो.

दांडा : धावड्याचा असावा. चिवट असतो, दणका सोसतो. रेषा टोकापासून टोकापर्यंत उभ्या जाव्यात, मध्ये गाठ नसावी. चकचकीत पॉलिशचा दांडा फोटोत शोभतो आणि तळहाताला फोड आणतो.

हातोड्याचे वण : शहरी ग्राहक सगळ्यात आधी हेच शोधतो. वण म्हणजे हस्तकलेचा पुरावा! वास्तविक चांगला कारागीर शेवटचे हलके ठोके देतो ते हे वण मिटवण्यासाठीच. त्याने कष्टाने मिटवलेली वस्तू आपण जादा पैसे देऊन मागतो. म्हणून यंत्रावर निघालेल्या मालावरही आता वण छापून मिळतात.

भाव : घासाघीस अवश्य करावी. मॉलमध्ये बुटांच्या छापील किमतीपुढे मान तुकवलेली असते, तिचे उट्टे इथे काढता येते. फक्त त्या वेळी घण उचलणाऱ्या मावशींकडे पाहू नये. पाहिल्यास पन्नास रुपये कमी करा म्हणण्याची ताकद जाते.

अंतिम चाचणी : एवढे करूनही मन साशंक असेल तर सरळ कारागिरालाच विचारावे, "दादा, यातली चांगली कोणती?" तो पात्याकडे बघणार नाही, तुमच्या तळहातांकडे बघेल आणि अत्यंत आदराने म्हणेल, "भिंतीला लावायची ना साहेब? मग कुठलीही घ्या."