फडकेकाका

त्यांचं आडनाव फडके नाही. खरं आडनाव काय, हे निम्म्या रोह्याला ठाऊक नाही आणि उरलेल्या निम्म्याला आठवत नाही. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, तिथे यांचं चौघडी केलेलं निळं फडकं असतं, म्हणून फडके. एकदा माझ्या दुकानाच्या पत्त्यावर त्यांच्यासाठी लग्नपत्रिका आली, तिच्यावरही ‘श्री. फडके व परिवार’ असंच होतं. काकांनी नावाकडे पाहिलंच नाही. कोपऱ्यावरचं हळदीकुंकवाचं बोट बराच वेळ निरखलं आणि सुस्कारा सोडून म्हणाले, "हे मुद्दाम लावलेलं आहे. याला इलाज नाही."

माझं रोह्यात टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. काका पेणचे. धाटावच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये त्यांची नोकरी झाली. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा ही स्टेशनं ते झोपेतही क्रमाने सांगतील, कारण वर्षानुवर्षं ती त्यांनी झोपेतच पार केली. निवृत्त झाले तरी महिन्यातून एकदोनदा गाडी धरून रोह्याला येतातच. कारण विचारलं तर म्हणतात, बँकेत काम आहे. बँका पेणलाही आहेत. पण पेणमधल्या बहुतेक स्क्रीन आता त्यांच्या धाकात आल्यात आणि रोहा अजून सुधारायचं राहिलंय.

आमच्या आजीच्या काळी सोवळं स्वयंपाकघरात असायचं. याला शिवू नको, त्याला हात लावू नको, ओलेत्याने पाणी भर. ते सोवळं घराघरांतून गेलं असं आपण समजतो. गेलं नाही, काकांच्या खिशात आलं. दुकानात पाऊल टाकल्याबरोबर ते नमस्कार-चमत्कार न करता तिरके उभे राहतात, मान खाली घालून मॉनिटरकडे कडेने पाहतात आणि विचारतात, "कोण शिवलं?"

असा एक माणूस प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक सोसायटीत आणि आता बहुधा प्रत्येक कुटुंबात असतो. त्याला स्क्रीनवर काहीही दाखवा, त्याला स्क्रीनच दिसते. शेजारच्या किराणावाल्याच्या मुलाचा दहावीचा निकाल माझ्याच दुकानात पाहिला. ब्याण्णव टक्के! पोरगं रडायला लागलं, बाप पेढे आणायला धावला. काका पुढे झाले, चष्मा वर केला, म्हणाले, "नऊ आणि दोनच्या मधे डाग आहे. मला वाटलं दशांश चिन्ह." पोराचं रडणं जागच्या जागी थांबलं.

त्यात माझा धंदा असा, की गिऱ्हाईक स्क्रीनला बोट लावल्याशिवाय बोलतच नाही. सातबारावर नाव चुकलं की "हे बघा, इथं" म्हणून बोट टेकतं. बोटाआधी वडापाव झालेला असतो, वडापावाच्या आधी मोटारसायकलची चेन बसवलेली असते. काकांनी मनुष्यजातीचे तीन वर्ग पाडलेत: बोट दाखवणारे, बोट टेकवणारे आणि बोट टेकवून ओळीच्या शेवटापर्यंत सरकवत नेणारे. तिसऱ्या वर्गाशी ते बोलत नाहीत. मधे त्यांनी उपाय म्हणून दुकानात खराट्याची एक काडी दोऱ्याने बांधून ठेवली होती, दाखवायचं ते हिने दाखवा म्हणून. चारच दिवसांत एका मावशींनी त्या काडीने वारसांची नावं स्क्रीनवर टोचून टोचून मोजली. काडी काकांनी स्वतः मोडून टाकली.

त्यांचं पुसणं बघण्यासारखं असतं, पण वेळ काढून यावं. "आधी बंद कर. झोपवू नको, बंद." स्क्रीन काळी झाली की जी धूळ दिवसभर दिसली नव्हती ती सगळी उजेडात येते, आणि काकांच्या चेहऱ्यावर डॉक्टरांना एक्स-रे पाहून होतो तसा गंभीर आनंद पसरतो. मग स्क्रीन गार व्हायला थांबायचं. गरम काचेवरून किंवा पत्र्यावरून ओलं फडकं फिरवलं तर पाणी पुसायच्या आधीच उडून जातं आणि रेघा ठेवून जातं, तसंच हे. तोवर चहा. चहानंतर हात धुवायचे. रांगेतलं गिऱ्हाईक घड्याळ बघतं, मी काकांकडे बघतो, काका मॉनिटरकडे.

मग कोरडं फडकं, वरून खाली, एकाच दिशेने. जोर अजिबात नाही. तान्ह्या बाळाच्या टाळूवरून हात फिरवावा तसा. ओलं त्यानंतर, आणि तेही फडक्यावर. स्क्रीनवर कुणी थेट फवारा मारताना दिसला तर काका रस्ता ओलांडून येतात. "अभिषेक पिंडीला करतात रे! हे पाणी ओघळून खालच्या पट्टीत उतरतं, आत वायरी असतात." ओलं फिरवून झालं की लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. फडकं दोनदा दुमडलं की पुसायला आठ बाजू मिळतात, आणि एक बाजू मळली की पुढची. आठव्या बाजूला आलेला माणूस काका घरी पाठवतात: फडकं धुऊन ये.

पाणी मात्र नळाचं नाही आणि बोअरचं तर नाहीच. लॅबमधल्या माणसाचा हा जन्माचा हट्ट. पाणी उडून जातं, त्यातले क्षार कुठे जाणार? तेच रेघ होऊन मागे बसतात. म्हणून डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरला घालतात ते. "मागताना नुसतं बॅटरीचं पाणी म्हणू नको, एखादा अ‍ॅसिड देईल." काच स्वच्छ आहे की नाही याची त्यांची परीक्षाही लॅबचीच: धुतलेल्या पेल्यावर पाणी ओतलं की ते सलग पातळ पडद्यासारखं पसरलं पाहिजे. थेंब थेंब तुटून राहिलं तर तेलकटपणा शिल्लक आहे. ही परीक्षा त्यांनी एकदा समोरच्या टपरीवरच्या चहाच्या ग्लासांची घेतली. तेव्हापासून आमच्या दुकानातला चहा लांबून येतो.

काकांवर चालून जायचं तर फक्त एका गोष्टीने, गावाच्या अभिमानाने. आम्ही रोहेकर दहा मिनिटांत चिंतामणराव देशमुखांवर येतो: आमच्या रोह्याचा माणूस १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. शिवाय आमच्या धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस बंदुकीची सलामी देतात, तुमच्याकडे आहे का काही? काका शांतपणे फडक्याची घडी घालतात. "आमच्याकडे गणपती होतात. तुमचाही आमच्याकडूनच येतो." यावर रोह्याकडे उत्तर नाही. असलं तर ते अजून माझ्या दुकानापर्यंत आलेलं नाही.

एका श्रावणात त्यांच्याबरोबर पेणच्या एका कारखान्यात गेलो होतो, आमच्या आळीच्या गणपतीचं बघायला. पेण, हमरापूर, जोहे या भागात त्या दिवसांत घराघरांत मूर्तींच्या रांगा लागतात, आणि पॉलिश पेपरने घासलेल्या प्लास्टरची पांढरी भुकटी सगळ्यावर बसते. माणसांच्या पापण्यांवरसुद्धा. कोपऱ्यात ऑर्डरी लिहायचा कॉम्प्युटर होता. त्याच्या स्क्रीनवर इतकं पीठ बसलं होतं की मालक बोटाने खिडकी पुसून तेवढ्यातून हिशेब बघत होता. काकांनी डोळे मिटले. मग बाटली काढली. तेवढ्यात मागून आवाज आला, "काका, पाणी नको."

पलीकडे एक म्हातारे कारागीर डोळ्यांची आखणी करत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. हातातल्या मूर्तीची बुबुळं पुरी केली, ब्रश ठेवला, दुसरा एक जुना, रुंद, मऊ केसांचा ब्रश घेतला आणि उठून आले. "या पिठावर पाणी पडलं की राबडी होते. मग घासाल. घासलं की ओरखडा." त्यांनी वरच्या कडेपासून ब्रश असा फिरवला की तो टेकतोय की नाही तेच कळेना. भुकटी खाली सांडली. गणपतीच्या गालावरून झाडतात तसं दोन मिनिटांत सगळं झाडून झालं. स्क्रीनच्या खालच्या पट्टीच्या खाचेतसुद्धा ब्रशाचं टोक गेलं, जिथे काकांचं फडकं कधी पोचलं नव्हतं. काकांनी बाटली हळूच खिशात घातली. परतताना स्टेशनपर्यंत एक शब्द नाही. गाडीत बसल्यावर म्हणाले, "ब्रश कुठे मिळतो ते विचारायला हवं होतं."

त्यांचा खरा काळ म्हणजे ढब्बू मॉनिटरचा. पाठीला कुबड असलेला तो काचेचा डबा सुरू केला की हातावरचे केस उभे राहायचे आणि अख्ख्या खोलीची धूळ त्याच्याकडे धावायची. पण काच ती काच. काच पुसायच्या निळ्या पाण्याने पुसली तरी सहसा सहन करायची. घात झाला तो चपट्या मॉनिटरने. दिसायला काच, पण पुढचा थर प्लास्टिकच्या पातळ फिल्मचा, वर चकाकी घालवणारा नाजूक लेप. अमोनिया नको, स्पिरिट नको, वर्तमानपत्राचा बोळा तर नकोच.

हे मला कळलं ते २०२० साली. तेव्हा आपण भाजी, नोटा, कड्याकोयंडे सगळ्याला सॅनिटायझर लावत होतो. मी मॉनिटरलाही लावलं, रोज, मनोभावे. महिन्याभराने स्क्रीनच्या मधोमध ढगासारखा पांढुरका चट्टा उमटला. पुसला तर जाईना. गाड्या सुरू झाल्यावर काका आले, तो चट्टा पाहिला आणि खुर्चीत बसले. मी त्यांच्यासाठी पाणी आणलं. "त्याला ताप आला होता का?" एवढंच त्यांनी विचारलं. दोन महिने ते माझ्याशी तुटक बोलत होते. नवा मॉनिटर घेतला तेव्हा मात्र पेढ्यांच्या ऐवजी चार फडकी घेऊन आले, वर सूचना: ही वेगळी धुवायची, टॉवेलबरोबर नाही, आणि कपडे मऊ करायचं ते सुगंधी औषध घालायचं नाही, ते धाग्यांवर बसतं आणि मग फडकं पुसत नाही, माखतं.

मागल्या महिन्यात काका दुकानात असताना त्यांच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती परदेशात असते, पहिली नात तीन महिन्यांची. काकांच्या फोनवर नीट दिसेना म्हणून मी कॉल मोठ्या स्क्रीनवर घेतला. नातीच्या गालावर एक धुरकट पट्टा. काकांचा हात सवयीने खिशात गेला. कोरडं फिरवलं. पट्टा तिथेच. ओलं फिरवलं, टिपलं. तिथेच. फडक्याची बाजू बदलली. मूल हललं तरी पट्टा हलेना, तेव्हा काकांचा हात थांबला.

"अगं, डाग तुझ्या बाजूला आहे," ते म्हणाले. "कॅमेऱ्यावर."

"थांबा हं बाबा," म्हणत तिने टी-शर्टची बाही पुढे ओढली आणि चरचर पुसलं. काकांनी डोळे घट्ट मिटले. ते उघडले तेव्हा समोर लख्ख नात होती आणि जांभई देत होती. मॉनिटरच्या वरच्या कोपऱ्यात माझ्या आठवणीप्रमाणे गिऱ्हाइकाचं एक ताजं बोट होतं. काका त्यावर काही बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पार्सल माझ्याकडेच बांधलं, चिकटपट्टी माझी म्हणून. पोह्याचे पापड, मिरगुंडं, मेतकूट आणि सहा फडकी. फडकी तीन पिशव्यांत, एकीत एक घातलेली. वर चिठ्ठी टाईप करून घेतली, ठळक अक्षरात: पापडाच्या हाताने धरू नये.